दावणीतून कळपात

घोडा हा कळपाने राहणारा प्राणी आहे, हे विधान प्राणिशास्त्राच्या कोणत्याही प्राथमिक पुस्तकात सापडते. परंतु माणसाच्या कामासाठी राबणाऱ्या बहुसंख्य घोड्यांच्या वाट्याला कळप कधी आलेलाच नसतो, ही त्या विधानाची दुसरी बाजू क्वचितच ध्यानात घेतली जाते. वरातीत नाचवल्या जाणाऱ्या घोड्या, टांग्याला जुंपलेली तट्टे, थंड हवेच्या ठिकाणी पर्यटकांना पाठीवर घेऊन फिरणारे घोडे आणि पूर्वी मुंबईच्या रस्त्यांवर व्हिक्टोरिया ही घोडागाडी ओढणारी जनावरे यांचे आयुष्य दावणीला सुरू होते आणि बहुधा दावणीलाच संपते. केवळ मौजेसाठी चालणाऱ्या व्हिक्टोरिया मुंबई उच्च न्यायालयाने जून २०१५ मध्ये बेकायदा ठरवून एका वर्षाच्या आत बंद करण्याचा आदेश दिला, तेव्हा चालकांच्या पुनर्वसनाची चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. परंतु गाडीतून सुटलेल्या घोड्याने पुढे कुठे आणि कोणासोबत राहायचे, हा प्रश्नही त्याच वेळी उभा राहिला होता. याखेरीज प्राणिक्रूरता प्रतिबंधाच्या १९६० च्या कायद्याखाली जप्त झालेली जनावरे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने पांजरपोळात किंवा एखाद्या संस्थेच्या आश्रयस्थानी पाठवली जातात. तेथे आधीपासून पाच-दहा घोडे मोकळे राहत असतील, तर नवा घोडा त्यांच्यात सोडला की काम झाले, अशी सर्वसाधारण समजूत असते. या समजुतीपायी घोड्यांचे पाय मोडतात, भेदरलेली जनावरे तारांत अडकतात आणि मग ‘हा घोडाच माणूसघाणा आणि घोडेघाणाही आहे’ असा शिक्का मारून त्याला पुन्हा एकट्याला बांधले जाते. हा अन्याय टाळायचा असेल, तर दावणीने घोड्यापासून नेमके काय हिरावून घेतले आहे, तेथून सुरुवात करावी लागते.

आपल्याकडे घोडा बांधण्याची जुनी रीत अगाडी-पिछाडीची आहे. म्होरकीपासून निघून पुढच्या खुंट्यांना ताणलेला दोर म्हणजे अगाडी, आणि मागच्या पायांना खुराच्या जरा वर बांधून पाठीमागच्या खुंटीला ओढून घेतलेला दोर म्हणजे पिछाडी. छावणीत, बाजारात किंवा अरुंद गल्लीत अनेक घोडे एका ओळीत उभे करायचे असले, तर ही रीत सोयीची ठरते, कारण तीत घोडा एका जागी राहतो आणि वळून लाथ झाडू शकत नाही. वर्षानुवर्षे पिछाडी लागलेल्या घोड्याच्या मागच्या पायांवर, खुराच्या वरच्या खोबणीत, केस झडून कडक झालेला एक काळपट पट्टा दिसतो. बोट फिरवले तर तो वाळलेल्या चामड्यासारखा लागतो, आणि तेथे हात लावताच पुष्कळ घोडे अंग आखडून घेतात. डोळ्यांना न दिसणारा परिणाम याहून खोल असतो. असा घोडा इतर घोड्यांच्या शेजारी दहा-दहा वर्षे उभा राहिलेला असतो, पण त्याला त्यांच्याजवळ जाता आलेले नसते आणि, जे याहूनही महत्त्वाचे, त्यांच्यापासून दूरही होता आलेले नसते.

दूर होता येणे इतके महत्त्वाचे का, हे कळपाची घडण पाहिल्यावर उमगते. माणसाच्या ताब्यात नसलेल्या घोड्यांचा कळप सामान्यतः एक नर, काही घोड्या आणि त्यांची शिंगरे असा कुटुंबासारखा असतो. वयात येणारी शिंगरे त्यातून बाहेर पडतात आणि तरुण नरांच्या वेगळ्या टोळ्याही होतात. या कळपात एक सर्वाधिकारी म्होरक्या असतो आणि बाकीचे त्याच्या धाकात राहतात, ही लोकप्रिय कल्पना प्रत्यक्षाला फार सोडून आहे. घोड्यांमधली उतरंड मुख्यतः दोघादोघांमधली असते: अमुक घोडी तमुक घोड्याला पाण्यावर वाट देते, तो तिसऱ्याला देतो, आणि तो तिसरा कदाचित पहिल्या घोडीला देत असतो. या असंख्य लहान करारांवर कळपाची शांतता उभी असते, आणि तो करार पाळण्याची रीत एकच असते, ती म्हणजे बाजूला होणे. एकीने कान किंचित मागे टाकले की दुसरा दोन पावले सरकतो. तो सरकला की कान पुन्हा पुढे येतात आणि दोघेही चरू लागतात. पाहणाऱ्याला काही घडल्याचे कळतही नाही. चांगल्या जमलेल्या कळपात दिवसभरात अशा देवाणघेवाणी अनेकदा होत असल्या, तरी चावणे आणि लाथाळी विरळा असते, कारण भाषा सर्वांना येते आणि सरकायला जागा असते.

शिंगरू ही भाषा आईच्या पोटाशी आणि जोडीच्या शिंगरांशी खेळताना शिकते. लहान शिंगरू मोठ्या घोड्यासमोर मान लांबवून तोंडाची उघडझाप करते, जणू काही चघळत असावे तसे, आणि मोठे घोडे बहुधा त्याला फारसा त्रास देत नाहीत. लवकर आईपासून तोडलेल्या आणि दावणीला लागलेल्या जनावराचे हे शिक्षण अर्धवट राहते. जे थोडेफार शिकलेले असते त्याचाही उपयोग होत नाही, कारण शेजारच्याने कान मागे टाकले तरी बांधलेल्याला सरकता येत नाही. इशाऱ्याला उत्तर देण्याचे मार्ग म्हणून त्याच्याकडे दोनच गोष्टी उरतात, आधी चावणे किंवा पूर्ण गोठून जाणे. मोकळ्या कुरणात आलेला असा घोडा साध्या इशाऱ्यालाही लाथेने उत्तर देतो किंवा लाथ बसेपर्यंत जागचा हलत नाही, तेव्हा तो वाईट स्वभावाचा नसतो; बाजूला होणे ही गोष्ट त्याच्या अनुभवातच नसते. त्याला कळपात रुळवणे म्हणजे ही एक गोष्ट त्याला परत मिळवून देणे होय, आणि पुढची सारी व्यवस्था याच एका हेतूने करायची असते.

तथापि कळपाच्या भेटीआधी काही आठवड्यांचे विलगीकरण अटळ असते. नव्या घोड्यासोबत कोणता रोग येतो आहे हे नुसत्या नजरेने कळत नाही, आणि आपल्या देशात तर ग्लँडर्स या रोगाची धास्ती कायम असते. हा जिवाणूंमुळे होणारा रोग घोडे, गाढवे आणि खेचरांना होतो, त्यात नाकातून घट्ट स्राव येतो, कातडीखाली गाठी येऊन फुटतात, आणि तो माणसालाही होऊ शकतो. त्याचे निदान झाल्यास ते सरकारी पशुवैद्यकीय यंत्रणेला कळवणे कायद्याने बंधनकारक असून बाधित जनावराला वेदनारहित मृत्यू देण्याखेरीज मार्ग नसतो. म्हणून घोडा आश्रयस्थानी आणण्यापूर्वी किंवा आणल्याबरोबर त्याच्या रक्ताची तपासणी करून घेणे हा पहिला नियम ठरतो. गोमाश्यांच्या दंशाने पसरणारा सर्रा हा रक्तातल्या परजीवींचा रोगही त्याच वेळी तपासता येतो. घशाखालच्या गाठी पिकवणारा स्ट्रँगल्स हा रोग संसर्गानंतर दोन आठवड्यांपर्यंत केव्हाही डोके वर काढू शकत असल्यामुळे विलगीकरण साधारणतः तीन आठवड्यांच्या आत संपवत नाहीत. या काळात रोज दोनदा ताप मोजला जातो, बादली, खरारा आणि तोबरा वेगळे ठेवले जातात, आणि शक्य असल्यास देखभाल करणारा माणूसही वेगळा असतो. मात्र विलग ठेवणे म्हणजे चार भिंतींत कोंडणे नव्हे. दुसरे घोडे लांबून दिसतील आणि त्यांची खिंकाळी ऐकू येईल अशी जागा निवडली, तर नव्या जनावराची बेचैनी पुष्कळ कमी होते. दात घासून घेणे, खूर कातरणे, धनुर्वाताची लस देणे आणि घोडी गाभण नाही ना हे पाहणे ही कामेही याच काळात उरकली जातात. नर घोडा खच्ची करायचा असल्यास तेही आत्ताच करावे लागते, आणि त्यानंतर त्याला काही आठवडे माद्यांमध्ये सोडता येत नाही, कारण शस्त्रक्रियेनंतरही त्याचे नरपण आणि गर्भधारणेची शक्यता लगेच संपत नाही.

उपासमार झालेल्या घोड्याच्या बाबतीत सर्वांत मोठा धोका मायेतून उद्भवतो, हे येथे थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. घोड्याच्या अंगावर किती मांस आणि चरबी आहे हे मोजण्यासाठी अमेरिकेतील टेक्सास येथे डॉन हेनेके यांनी १९८३ मध्ये मांडलेली १ ते ९ अशी श्रेणी जगभर वापरली जाते. मान, खांदा, पाठीचा पुढचा उंचवटा, बरगड्या, कंबर आणि शेपटीचे मूळ या जागा हाताने चाचपून ती ठरवतात. या श्रेणीत १ किंवा २ वर असलेला घोडा, ज्याचे माकडहाड वर आलेले आहे आणि बरगड्या लांबून मोजता येतात, त्याला पाहून कोणाचेही मन कळवळते, आणि भिजवलेल्या हरभऱ्याची चंदी, गव्हाचा कोंडा, गुळाचा खडा असे जे हाताशी असेल ते त्याच्यापुढे ठेवले जाते. प्रदीर्घ उपासानंतर धान्यातली पिष्टमय द्रव्ये आणि साखर एकदम पोटात गेली, तर रक्तात इन्शुलिन हे संप्रेरक वाढते, आणि ते साखरेबरोबर फॉस्फरस, मॅग्नेशियम व पोटॅशियम ही क्षारद्रव्ये पेशींत ओढून नेते. रक्तातले त्यांचे प्रमाण घसरल्याने पहिल्या काही दिवसांत हृदय किंवा श्वासाचे स्नायू निकामी होऊन घोडा दगावू शकतो. उपाशी असताना जगलेला घोडा खाऊ घातल्याने मरतो, ही घटना माणसाच्या मनाला सहजासहजी पटत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यकांनी यावर काढलेला मार्ग साधा आहे: धान्य पूर्ण बंद, आणि पिष्ट कमी पण प्रथिने व क्षार भरपूर असलेला लसूणघास थोडा-थोडा, दिवसरात्र दर काही तासांनी देत, सुमारे दहा दिवसांत पूर्ण प्रमाणावर आणणे. कळपाशी याचा थेट संबंध आहे, कारण ज्याच्या अंगात धावण्याचे त्राण नाही त्याला बाजूला होणेही जमत नाही. म्हणून हेनेकेंच्या श्रेणीत ३ किंवा ४ पर्यंत न पोहोचलेल्या घोड्याला कळपात सोडण्याची घाई न करणेच श्रेयस्कर.

यानंतरचा टप्पा कुंपणाचा. कळपाच्या कुरणाला लागून एक लहान कुरण नव्या घोड्यासाठी राखले जाते आणि दोहोंमध्ये लाकडी किंवा जाड पट्ट्यांचे कुंपण असते. काटेरी तार येथे कदापि चालत नाही, कारण घोड्याची कातडी पातळ आणि घाबरल्यावरची झेप आंधळी असते. सुरुवातीला दोन कुंपणे मध्ये काही फूट अंतर ठेवून उभारली, तर घोडे एकमेकांना पाहतात, हुंगतात, पण लाथ पोहोचत नाही. पहिल्या दिवशी दोन्ही बाजूंनी धावाधाव होते, शेपट्या वर होतात, नाकपुड्या फुगतात आणि फुरफुरण्याचा आवाज दूरवर जातो. दोन-तीन दिवसांनी कळप पुन्हा चरण्यात गुंततो, आणि नवा घोडा कुंपणाच्या अलीकडून त्याच्याच दिशेने, त्याच वेगाने चरत सरकू लागतो. कुंपणाच्या या टप्प्याचे खरे मोल असे की, दावणीला जे अशक्य होते ते येथे पहिल्यांदा शक्य होते. पलीकडच्या घोडीने कान पाडले, तर तो चार पावले मागे जाऊ शकतो, आणि मागे गेल्यावर काहीच वाईट घडत नाही हे त्याला कळते.

प्राणिसंग्रहालयांत पिढ्यान्‌पिढ्या वाढलेल्या प्रझेवाल्स्की जातीच्या रानघोड्यांना, ज्यांना मंगोलियात ताखी म्हणतात, १९९२ पासून त्यांच्या मूळ भूमीत परत नेण्यात आले, तेव्हाही हुस्ताई येथील गवताळ डोंगराळ प्रदेशात त्यांना थेट मोकळे न करता आधी मोठ्या कुंपणांत ठेवून हवामानाशी, गवताशी आणि एकमेकांशी जुळवून घेण्यास अवधी दिला गेला. रानात परतणाऱ्या घोड्यांना जर हा अवधी लागतो, तर गल्लीतून आलेल्या व्हिक्टोरियाच्या घोड्याला काही आठवडे दिले म्हणून फार झाले असे कोणी म्हणू नये.

कुंपणापलीकडच्या घोड्यांपैकी एखादा वारंवार नव्या जनावराजवळ येऊन उभा राहतो, आणि बहुधा त्यालाच पहिला सोबती म्हणून निवडले जाते. वयस्क, शांत आणि कळपात कोणाशी फारसे वैर नसलेली घोडी या कामाला उत्तम समजली जाते. या दोघांना प्रथम वेगळ्या कुरणात एकत्र आणतात, आणि तेथे जे घडते ते जवळून पाहण्यासारखे असते. दोन्ही घोडे मान कमानीसारखी वळवून नाकाला नाक लावतात, एकमेकांचा श्वास आत घेतात. अचानक एक तीक्ष्ण किंकाळी उठते, पुढचा पाय हवेत झेपावतो आणि जमिनीवर आपटतो, दोघे मागे सरतात आणि पुन्हा नाकाला नाक लावतात. हे पूर्वी न पाहिलेल्या माणसाला ही भांडणाची नांदी वाटते, पण ही ओळख असते. काही तासांनी किंवा काही दिवसांनी दोघे उलट दिशांना तोंड करून उभे राहतात आणि मान जिथे पाठीला मिळते त्या उंचवट्यावर एकमेकांना दातांनी खाजवू लागतात. क्लॉडिया फे आणि जाँ द माझिएर यांनी फ्रान्सच्या कामार्ग भागातील घोड्यांवर केलेल्या आणि १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की नेमक्या याच जागी खाजवल्याने घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, आणि दुसरीकडे खाजवल्याने तसे होत नाही. देखभाल करणाऱ्या माणसाने खरारा करताना थोपटण्याऐवजी याच जागी बोटांनी खाजवले, तर माणसाविषयीची भीतीही हळूहळू कमी होऊ शकते. पाठीवर चापट मारून शाबासकी देण्याची आपली सवय घोड्याला कळण्यासारखी नाही.

सोबती मिळाला की दोघांना मिळून कळपात नेले जाते. यासाठी सकाळची वेळ निवडतात, म्हणजे दिवसभर पाहता येते. सर्वांची पोटे भरलेली असावीत, आणि मागच्या पायांना नाल असतील तर ते आधी काढलेले असावेत, कारण लोखंडी नाल असलेल्या पायाची लाथ हाड मोडू शकते. चाऱ्याचे ढीग घोड्यांच्या संख्येपेक्षा दोन-तीन जास्त आणि एकमेकांपासून लांब ठेवले, पाण्याच्या टाक्या एकीऐवजी दोन केल्या, तर हुसकावलेल्या घोड्याला दुसऱ्या ढिगाकडे आणि दुसऱ्या टाकीकडे जाता येते. कोपरे हा कुरणातला सर्वांत मोठा शत्रू असतो. कोपऱ्यात सापडलेला घोडा पुन्हा दावणीच्या घोड्यासारखा होतो, म्हणून जाणकार लोक कोपऱ्यांत आडवे बांबू लावून ते गोलसर करून घेतात आणि निवाऱ्याला दोन मोकळी तोंडे ठेवतात. हातात गुळाचा खडा किंवा गाजरे घेऊन कळपात शिरण्याचा मोह मात्र आवरायलाच हवा, कारण माणसाच्या हातातल्या एका गाजरासाठी चार घोडे एकत्र दाटतात आणि जो सर्वांत नवा असतो तो लाथेच्या टप्प्यात सापडतो.

पहिल्या दिवसांत पाठलाग होतो, क्वचित कातडीवर दातांचे वळ उमटतात, आणि नवा घोडा कळपाच्या कडेला बरेच अंतर राखून चरतो. यात हस्तक्षेप करण्याचे कारण नसते. पाठलाग करणारा थांबतो का, हे पाहायचे असते. नवा घोडा पन्नास पावले दूर गेला आणि मागचा परतला, तर करार झाला. तो थांबत नसेल, नव्याला पाण्यावर किंवा चाऱ्यावर पोहोचूच देत नसेल, किंवा एकाच जनावराच्या अंगावर रोज नव्या जखमा दिसत असतील, तर त्रास देणाऱ्यालाच काही दिवस बाहेर काढणे अधिक शहाणपणाचे ठरते, कारण त्याच्या गैरहजेरीत नव्याची इतरांशी ओळख पक्की होते. एका डोळ्याने अधू असलेल्या घोड्याच्या बाबतीत विशेष काळजी लागते. घोड्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचे दिसते. ज्याची एक बाजू अंधारी आहे त्याला त्या बाजूचा इशारा दिसतच नाही, आणि न दिसलेल्या इशाऱ्याची शिक्षा त्याला भोगावी लागते. अशा घोड्याला कदाचित दोघांच्याच कळपात ठेवणे भले.

हे सगळे कधी पूर्ण झाले असे मानायचे? एकत्र चरणे ही खूण पुरेशी नाही, कारण भेदरलेला घोडाही कळपासोबत चरतो. अधिक खात्रीची खूण झोपेची आहे. घोडा उभ्याने डुलकी घेऊ शकतो. त्याच्या पायांत सांधे जागच्या जागी धरून ठेवणारी स्नायुबंधांची अशी रचना असते की फारशी शक्ती न लावता तो उभा राहतो. परंतु स्वप्ने पडण्याच्या प्रकारची गाढ झोप, जीत स्नायू पूर्ण सैल पडतात, ती त्याला आडवे झाल्याखेरीज मिळत नाही; दिवसाला अर्धा-पाऊण तास एवढीच ती त्याला लागते, पण तेवढी लागतेच. आणि आडवा झालेला घोडा पळू शकत नसल्यामुळे, दुसरा कोणी जागा असल्याचा विश्वास नसेल तर तो आडवा होत नाही. आखूड दोराने बांधलेल्या, दगडी फरशीवर उभ्या असलेल्या घोड्याला तर हे अनेकदा शरीरानेच अशक्य असते. दिवसेंदिवस गाढ झोप न मिळालेला घोडा उभ्यानेच झोपेत शिरतो, पुढचे पाय लुळे पडतात, तो गुडघ्यांवर आदळतो आणि दचकून उठतो. सुटका होऊन आलेल्या अनेक घोड्यांच्या पुढच्या पायांवर, खुराच्या वरच्या सांध्याच्या समोर, खरचटून बऱ्या झालेल्या आणि पुन्हा खरचटलेल्या जखमा असतात. त्यांचे कारण मारहाणच असेल असे नाही, कित्येकदा ते झोपेचे दारिद्र्य असते.

म्हणून अनुभवी मोतद्दार नव्या घोड्याची नोंद ठेवताना त्याने किती खाल्ले आणि कोणाला लाथ मारली एवढ्यावर थांबत नाहीत. सकाळी खरारा हातात घेतला की ते आधी घोड्याच्या कुशीकडे पाहतात. नुसत्या लोळण्याने पाठीला आणि दोन्ही अंगांना धूळ लागते, पण झोपलेल्या घोड्याच्या एकाच कुशीचे केस चापून बसलेले असतात, त्यांत वाळलेल्या गवताच्या काड्या रुतलेल्या असतात, गालफडावर ओल्या मातीचा ठसा असतो आणि आयाळीच्या एका बाजूला भुसा अडकलेला असतो. काही घोड्यांना या सकाळपर्यंत पोहोचायला पंधरा दिवस पुरतात, काहींना दुसरा पावसाळा उजाडतो. ती माती दिसली की खरारा करण्यापूर्वी कुठल्या कुशीवर तो झोपला होता हे वहीत लिहून ठेवतात, आणि मग ती झाडतात.